दोन भागांचा कीबोर्ड : बोटांची जुनी सवय कशी बदलावी?

कापडाच्या पेढीवर पूर्वी हाताचे काम म्हणजे गज फिरविणे, ताके उलगडणे आणि खतावणी लिहिणे एवढेच होते. आता खतावणीची जागा कॉम्प्युटरने घेतली आहे. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाल्यापासून लहानातल्या लहान दुकानालाही रोजची बिले, परतावे आणि ई-वे बिले टाइप केल्याशिवाय गत्यंतर राहिलेले नाही. ज्या मुनीमाची बोटे दिवसभरात चार पाने लिहीत होती, त्याच बोटांना आता सकाळपासून रात्रीपर्यंत हजारो वेळा कळा दाबाव्या लागतात. परिणामी मनगट दुखणे, अंगठ्याला मुंग्या येणे, रात्री हात बधिर होऊन जाग येणे या तक्रारी आपल्या बाजारपेठांत वाढत्या प्रमाणावर ऐकू येत आहेत. दुकानाचे शटर बिघडले तर आपण त्याच दिवशी मिस्त्री बोलावतो. हात बिघडला तर मात्र बाम चोळून काम चालू ठेवतो. वास्तविक शरीराचाही आपल्यावर हक्क असतो, हे आपल्याला मदरशाच्या पहिल्या जमातीपासून शिकविले गेले आहे.

या तक्रारींवर जे काही उपाय सुचविले जातात, त्यांत दोन भागांत विभागलेला कीबोर्ड हा एक आहे. तो बाजारात नवा नाही. परंतु विकत घेणारे पुष्कळ लोक आठवडाभरात कंटाळून तो कपाटात टाकतात. कारण कीबोर्ड बदलला तरी बोटांची सवय जुनीच राहते. ती सवय कशी बदलावी, त्यासाठी किती दिवस द्यावेत आणि त्या दिवसांत धंद्याचे नुकसान कसे टाळावे, याविषयी आम्ही येथे सविस्तर लिहीत आहोत.

प्रथम हा कीबोर्ड कशासाठी आहे ते समजून घ्यावे. आपले खांदे रुंद आहेत आणि अक्षरांच्या कळांची जागा जेमतेम वीतभर. दोन्ही हात एवढ्याशा जागेत आणायचे म्हटले की कोपरापासूनचा हात तिरका आत येतो आणि मग बोटे सरळ पडावीत म्हणून मनगट करंगळीच्या बाजूला वाकवावे लागते. हा पहिला बाक. तळहात टेबलाला समांतर पालथा ठेवण्यासाठी कोपरापुढचा हात पिळावा लागतो, तो दुसरा. आणि कीबोर्डच्या मागच्या दोन पायांमुळे तो मागून उचललेला असतो, त्यामुळे मनगट वरच्या बाजूला मुडपते, तो तिसरा. मनगटात हाडे आणि एक जाड पट्टी यांच्यामधून एक अरुंद बोगदा जातो. बोटे वाकविणाऱ्या ९ कंडरा आणि एक मज्जातंतू एवढ्याशा वाटेने जातात. मनगट वाकलेले राहिले की त्या वाटेत दाटी होते. कीबोर्डचे दोन भाग करून ते खांद्यांच्या अंतरावर ठेवले तर पहिला बाक जातो, दोन्ही भाग अंगठ्याच्या बाजूने थोडे उचलले तर दुसरा कमी होतो. तिसऱ्या बाकासाठी तर एक पैसाही खर्च नाही. आज घरी जाण्यापूर्वी आपल्या कीबोर्डचे मागचे पाय मिटवून टाका.

आपल्या कारागीर बंधूंना ही गोष्ट सांगण्याची तशी गरज नाही. कटिंगमास्तरची मोठी कात्री पाहा. तिची मूठ वर वळविलेली असते. खालचे पाते टेबलावर सपाट सरकते आणि मास्तरचे मनगट सरळ राहते. सरळ मुठीच्या कात्रीने दिवसभर थर कापायला बसविले तर कोणताही मास्तर दुपारीच कात्री खाली ठेवील. शिंपीकामाला जे केव्हाच कळले ते टायपिंगला कळायला बराच वेळ लागला.

त्यामागे एक इतिहास आहे आणि त्याचा धागा आपल्याच धंद्यापर्यंत येतो. अमेरिकेतील मिलवॉकी येथील क्रिस्टोफर शोल्स यांनी आपल्या सहकाऱ्यांसह १८६८ मध्ये टंकलेखन यंत्राचे पेटंट घेतले. १८७३ मध्ये ते बनविण्याचे काम रेमिंग्टन कंपनीने घेतले. ही कंपनी बंदुका आणि शिलाई मशिनी बनवीत असे. त्यामुळे १८७४ मध्ये विक्रीला आलेले पहिले यंत्र शिलाई मशीनच्या स्टँडवर बसविलेले होते, त्यावर फुलापानांची नक्षी होती आणि ओळ संपली की पायाने पायडल दाबून कागद मागे आणावा लागत असे. प्रत्येक कळेखाली एक लांब दांडी जात होती. दांड्या एकमेकींवर येऊ नयेत म्हणून कळांच्या ओळी थोड्या तिरक्या सरकविल्या गेल्या. आज दांड्या नाहीत, शाईची फीत नाही, तरी ओळींचा तो तिरकेपणा तसाच आहे. माणसाच्या हातासाठी नव्हे, तर लोखंडाच्या सोयीसाठी झालेली ही मांडणी दीडशे वर्षांनंतरही आपण निमूटपणे वापरतो.

मनगट सरळ राहावे यासाठी कीबोर्डचे दोन भाग करण्याचा विचार जर्मनीत १९२६ मध्येच क्लॉकेनबर्ग यांनी मांडला होता. १९७२ मध्ये कार्ल क्रोमर यांनी त्यावर प्रयोग प्रसिद्ध केले. दुकानात मिळणारा माल म्हणून तो आला १९९० नंतर. १९९२ मध्ये किनेसिस, १९९३ मध्ये ॲपल आणि १९९४ मध्ये मायक्रोसॉफ्टचा ‘नॅचरल’ कीबोर्ड. मायक्रोसॉफ्टचाच सर्वांत जास्त लोकांपर्यंत पोहोचला.

त्याचा गुण खरोखर येतो का, असा प्रश्न व्यापारी माणूस विचारणारच. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात हातदुखी असलेल्या ८० जणांना चार गटांत वाटून सहा महिने वेगवेगळे कीबोर्ड दिले होते. त्यांपैकी मायक्रोसॉफ्टचा विभागलेला कीबोर्ड वापरणाऱ्यांचे दुखणे कमी होत गेले आणि हाताचे काम सुधारले. डॉक्टरी तपासणीत मात्र तसा फरक दिसला नाही. याचा अर्थ आम्ही असा घेतो की हे औषध नव्हे. मनगटाचा ताण कमी करणारे ते एक अवजार आहे. ज्याला मधुमेह आहे, त्याला मनगटातील मज्जातंतू दबण्याचा आजार अधिक होतो आणि आपल्या व्यापारी वर्गात मधुमेहाचे प्रमाण काय आहे ते कोणत्याही लग्नाच्या दस्तरख्वानावर गोड न घेणाऱ्यांची संख्या पाहिली की कळते. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट वारंवार बधिर होत असेल, हातातून वस्तू निसटत असेल, तर कीबोर्ड खरेदी करण्याआधी डॉक्टरकडे जावे.

खरी अडचण मधल्या कळांची

आता सवयीकडे वळू. ज्यांनी टायपिंग क्लासमध्ये ३० आणि ४० शब्दांच्या सरकारी परीक्षा दिल्या आहेत, त्यांना हा कीबोर्ड फारसा जड जात नाही. कारण त्यांना दहा बोटांची वाटणी शिकविलेली असते. डावा हात डावीकडे, उजवा उजवीकडे. अडचण येते ती आपल्यासारख्या पेढीवर बसून, पाहून पाहून टायपिंग शिकलेल्यांना. आमची पिढी तर सरळच चार बोटांची. अशा माणसाची बोटे कीबोर्डच्या मधल्या रेषेला जुमानत नाहीत. ‘बी’ ही कळ नियमाने डाव्या तर्जनीची, परंतु पुष्कळ लोक ती उजव्या तर्जनीने दाबतात. ‘वाय’ उजव्या हाताची, ती डाव्याने दाबतात. एकसंध कीबोर्डवर हे खपून जाते. दोन भाग झाले की ‘बी’ डावीकडे राहते, ‘वाय’ उजवीकडे जाते आणि बोट मधल्या मोकळ्या जागेत, चक्क टेबलावर पडते.

आकडा ‘६’ तर फारच फसवा आहे. बहुतेक क्लासमध्ये १ ते ५ डाव्या हाताने आणि ६ ते ० उजव्या हाताने शिकवितात. मायक्रोसॉफ्टने मात्र आपल्या विभागलेल्या कीबोर्डवर ६ डावीकडे ठेवला. किनेसिसच्या खोलगट कीबोर्डवर तो उजवीकडे आहे. म्हणून खरेदी करण्यापूर्वी आपल्या बिलिंगवाल्याला टाइप करताना पाच मिनिटे गुपचूप पाहावे. तो ६ कोणत्या बोटाने दाबतो, बी कोणत्या बोटाने दाबतो, ते कागदावर लिहून घ्यावे आणि मग कीबोर्ड निवडावा. काही नव्या कीबोर्डांवर ‘बी’ दोन्ही बाजूंना दिलेली असते. असा मिळाला तर अर्धे भांडण मिटले.

दुसरी सवय डोळ्यांची आहे. एकसंध कीबोर्डवर खाली एक नजर टाकली की सगळ्या कळा दिसतात. दोन भाग खांद्याइतके लांब ठेवले की एकाच नजरेत दोन्ही दिसत नाहीत. मग मान एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, असे सुरू होते. मनगट वाचवायला गेलो आणि मान धरली, अशी गत होते. ‘एफ’ आणि ‘जे’ या कळांवर लहानसा उंचवटा असतो, तो याचसाठी. दोन्ही तर्जन्या त्यावर टेकवून, न पाहता घराची जागा सापडली पाहिजे. ज्याला हे येत नाही, त्याने दोन भाग सुरुवातीला एकमेकांना चिकटवूनच ठेवावेत.

तिसरी अंगठ्याची. बहुतेकांचा एकच अंगठा काम करतो, दुसरा उगाच हवेत लटकत असतो. दोन तुकड्यांच्या कीबोर्डवर दोन्हीकडे एकेक स्पेसची कळ असते. काही कंपन्यांनी अंगठ्याखाली एंटर आणि बॅकस्पेसही दिले आहेत. करंगळी ताणून बॅकस्पेस दाबण्यापेक्षा अंगठ्याने दाबणे केव्हाही बरे, कारण अंगठा पाचांतला पहिलवान आहे. पण ही सवय सर्वांत शेवटी लावावी.

मराठी आणि उर्दू टायपिंगचे काय?

इंग्रजी बिलांपुरतेच आपले काम नाही. मराठीत पत्रे असतात, उर्दूत दावतनामे, जाहिराती आणि जमातीची पत्रके असतात. येथे एक गोष्ट ऐकून वाचकांना आनंद होईल. सरकारमान्य इन्स्क्रिप्ट मांडणी १९८६ मध्ये तयार झाली, तिच्यात स्वर आणि मात्रा डाव्या हाताला आणि बरीचशी व्यंजने उजव्या हाताला दिली आहेत. म्हणजे दोन भागांचा विचार तिच्यात मुळातच आहे. ‘कापूस’ हा शब्द टाइप करून पाहा. क उजवीकडे, काना डावीकडे, प उजवीकडे, ऊकार डावीकडे, स उजवीकडे. ‘दोरा’ही तसाच. धोटा जसा एकदा इकडून आणि एकदा तिकडून जातो, तसे हात आळीपाळीने चालतात. इंग्रजीपेक्षा मराठी टायपिंगला हा कीबोर्ड अधिक मानवतो, असे आमचे स्पष्ट मत आहे.

अपवाद आहेत. म, न आणि व ही तीन व्यंजने खालच्या ओळीत डावीकडे आहेत. ‘नमुना’ हा आपल्या धंद्यातला शब्द सगळाच्या सगळा डाव्या हाताने लिहावा लागतो. त्यातही ‘व’ हा इंग्रजी ‘बी’च्या कळेवर आहे, म्हणजे ऐन सीमेवर. मराठीत ‘व’ किती वेळा येतो हे सांगायला नको. जो माणूस आजवर ‘व’ उजव्या तर्जनीने दाबत आला, त्याला पहिले आठ दिवस ‘व्यापार’ आणि ‘भाव’ हे शब्दच छळणार. ‘ब’ मात्र ‘वाय’च्या कळेवर, म्हणजे उजवीकडे. दोन अक्षरे कानाला जवळची, कळांनी मात्र दोन तीरांवर.

उर्दूच्या बाबतीत आमच्यासारख्या उर्दू माध्यमात शिकलेल्या लोकांना अधिक जपावे लागते. १९९४ मध्ये इनपेज आले आणि किताबतीची बरीचशी कामे कॉम्प्युटरवर गेली. त्यात बहुतेक लोक उच्चारानुसार असलेली फोनेटिक मांडणी वापरतात. तिच्यात ‘बे’ हे अक्षर ‘बी’च्या कळेवर आणि बडी ये ‘वाय’च्या कळेवर येते. म्हणजे उर्दूतील दोन नित्याची अक्षरे नेमकी फुटीच्या दोन काठांवर. है, के, से, ने, या सगळ्यांच्या शेवटी बडी ये. बेकार, बेशुमार, बेशक यांतला ‘बे’ तर या दोनच कळांचा बनलेला आहे. ज्याची दोन्ही बोटे उलट चालतात त्याने रोज सकाळी ‘बे’ शंभर वेळा लिहावा. लहानपणी तख्तीवर मश्क करीत होतो तसाच. बी डाव्या, वाय उजव्या तर्जनीने. दुसरा कोणताही सराव नाही केला तरी चालेल.

सुरुवात केव्हा करावी?

आमच्या पेढीवर बिलिंग करणाऱ्या एका तरुणाचा हात बधिर होऊ लागला, तेव्हा त्याने दुखण्याची गोष्ट महिनाभर कोणाला सांगितली नाही. नोकरी जाईल ही भीती. शेवटी ताक्याची गाठ सुटेना, तेव्हा लक्षात आले. डॉक्टरांनी रात्री मनगटाला पट्टी आणि कामात बदल सांगितला. त्याच वेळी पेढीवर हा कीबोर्ड आला. पहिल्या आठवड्यात त्याचा वेग निम्म्यावर आला. ज्या बिलाला दोन मिनिटे लागत त्याला चार लागू लागली आणि गिऱ्हाईक समोर उभे. तिसरा आठवडा संपताना वेग बहुतेक पूर्वीइतका झाला. अंगठ्याच्या मुंग्या जायला त्याहून अधिक दिवस लागले आणि त्यात रात्रीच्या पट्टीचा वाटा किती व कीबोर्डचा किती, हे कोण सांगणार? पण आज तो काम करतो आहे, अलहम्दुलिल्लाह.

या अनुभवावरून वेळेबाबत सांगावेसे वाटते. मासिक जीएसटीआर-१ ची तारीख ११ आणि ३बी ची २०. तेव्हा २० तारखेनंतरच सुरुवात करावी. रमजानच्या आधीचा महिना, ईदची आणि दिवाळीची गिऱ्हाइकी, लग्नसराई, या काळात हात लावू नये. पहिला आठवडा रोज सकाळी दुकान उघडल्यावर, गर्दी होण्यापूर्वी अर्धा तास फक्त नवा कीबोर्ड. बाकी दिवस जुना. कित्येक जाणकार सांगतात की दोन्ही एकदम वापरू नयेत, सवय लागत नाही. ज्यांच्या समोर गिऱ्हाईक उभे नसते त्यांनी तसे खुशाल करावे. दुकानदाराला ते परवडणारे नाही. मात्र एक काम सुरू केले की ते त्याच कीबोर्डवर पुरे करावे, मध्येच बदलू नये. दुसऱ्या आठवड्यात नवा कीबोर्ड दुपारपर्यंत, तिसऱ्यात पूर्ण दिवस आणि जुना टेबलावरून उचलून ठेवावा. समोर राहिला तर हात तिकडेच जातो.

दोन भागांमधले अंतरही असेच हळूहळू वाढवावे. आधी चिकटवून, मग चार बोटे, मग खांद्याइतके. अंगठ्याच्या बाजूची उंची त्यानंतर. आणि एका वेळी एकच बदल. काही उत्साही तरुण कीबोर्डचा आकार बदलतात आणि त्याच दिवशी क्वेर्टी सोडून १९३६ साली पेटंट झालेली ड्वोराक मांडणीही शिकू लागतात. दोन घोड्यांवर एकदम बसण्याचा हा प्रकार पेढीवर करू नये.

सरावासाठी वेगळे पुस्तक नको. आपल्या नेहमीच्या वीस पार्ट्यांचे जीएसटी क्रमांक रोज एकदा टाइप करावेत. १५ अक्षरे, त्यात आकडे आणि इंग्रजी अक्षरे मिसळलेली, महाराष्ट्रातील पार्टी असेल तर सुरुवात २७ ने. शेवटचे अक्षर तपासणीचे असल्यामुळे बोट चुकले की सॉफ्टवेअर लगेच पकडते. मग केंब्रिक, पॉपलीन, वॉयल, बॉबिन, यार्न ही आपल्या मालाची नावे इंग्रजीत लिहावीत. बॉबिनमध्ये ‘बी’ तीनदा येते.

पण मीटर, भाव आणि रक्कम यांना तसे तपासणीचे अक्षर नसते, हे विसरू नये. ६ च्या जागी ५ किंवा ७ पडला तर कॉम्प्युटर काही बोलत नाही, बिल तसेच निघते. म्हणून पहिल्या पंधरा दिवसांत प्रत्येक बिल दुसऱ्या माणसाने मूळ चिठ्ठीशी ताडून पाहावे. ई-वे बिलाच्या बाबतीत तर विशेष. वाहन क्रमांकात एक-दोन आकड्यांची किंवा अक्षरांची चूक झाली तर केंद्राच्या १४ सप्टेंबर २०१८ च्या परिपत्रकाप्रमाणे ५०० रुपये केंद्राचे आणि ५०० रुपये राज्याचे एवढ्या दंडावर सुटका होते. त्याहून मोठी चूक झाली तर माल रस्त्यात अडकू शकतो. ट्रकवाला फोन करतो तेव्हा नवा कीबोर्ड आहे हे कारण कोणी ऐकत नाही. तेव्हा ई-वे बिल महिनाभर जुन्याच कीबोर्डवर करावे, असा आमचा सल्ला आहे.

मजुरी कोणी सोसायची?

आता एक बाब, जी कीबोर्ड विकणारा कधीच सांगत नाही. वेग निम्म्यावर आला तर पगारदार माणसाचे काही बिघडत नाही, मालकाचे थोडे बिघडते. परंतु आपल्या समाजातील कित्येक मुले-मुली पानाच्या हिशेबाने उर्दू आणि मराठी टायपिंग करतात. पुष्कळ मुली तर घरीच बसून. पाने कमी झाली की त्यांची मजुरी त्याच दिवशी कमी होते. हात दुखत असूनही त्या जुन्या कीबोर्डला चिकटून राहतात, कारण तीन आठवड्यांची तूट घर सोसू शकत नाही. यंत्रमागावर सुट्टा भाग बदलायचा असेल तर खर्च मालकाचा, हे सर्वमान्य आहे. मग टाइप करणाऱ्याच्या हाताखालचे अवजार बदलण्याचा खर्च आणि त्या काळातील पानांची तूट काम देणाऱ्याने का सोसू नये? आमच्या मते सोसावी. ती खैरात नव्हे. सरावलेला टाइप करणारा निघून गेला आणि नवा माणूस तयार करायचा झाला तर किती महिने जातात याचा हिशेब मालकाने एकदा मांडून पाहावा. ज्याला एकदम जमत नाही त्याने निदान कामाच्या मंदीत, मुहर्रमच्या आसपास किंवा पावसाळ्यात, हा बदल करू द्यावा आणि त्या महिन्याचा दर पानावर न ठेवता दिवसावर ठेवावा.

खरेदीविषयी थोडे. एकसंध पण मधून फुगीर आणि दोन्हीकडे वळलेला, असा एक प्रकार आहे. तो तुलनेने स्वस्त, आणि सवय लवकर लागते. दोन स्वतंत्र तुकडे तारेने जोडलेले, हा दुसरा. तो महाग, पण अंतर आणि कोन हवा तसा ठेवता येतो. दुकानासाठी पहिलाच पुरे. हातदुखी सुरू झालेल्या माणसासाठी दुसरा. फार लहान, कमी कळांचे दोन तुकडे अलीकडे तरुणांत लोकप्रिय आहेत. त्यांत आकड्यांच्या आणि एफ-८, एफ-९ सारख्या कळा वेगळ्या नसतात, दुसरी कळ धरून त्या काढाव्या लागतात. टॅलीवर विक्रीसाठी एफ-८, खरेदीसाठी एफ-९, जमेसाठी एफ-६ असे दिवसभर चालते. असा कीबोर्ड पेढीवर आणणे म्हणजे गजाऐवजी वितीने कापड मोजण्यासारखे आहे.

आकड्यांचा वेगळा गठ्ठा, म्हणजे नंबरपॅड, बिलिंगला हवाच. तो कीबोर्डला उजवीकडे जोडलेला असला की माउस आणखी लांब जातो आणि उजवा खांदा ताणला जातो. सुटा नंबरपॅड थोड्याशा पैशांत मिळतो. तो डावीकडे ठेवून डाव्या हाताने आकडे मारण्याची सवय लावता येते, किंवा दोन तुकड्यांचा कीबोर्ड असेल तर माउस मधल्या मोकळ्या जागेत ठेवता येतो. हे दुसरे आम्हाला अधिक पसंत पडले. तळहाताखालची मऊ पट्टी टाइप करताना टेकण्यासाठी नसते, थांबल्यावर हात विसावण्यासाठी असते. तिच्यावर मनगट दाबून टाइप केले तर बोगद्यावरच भार येतो.

जे बांधव अजून गादीवर बसून, मांडीपुढच्या लहान मेजावर लॅपटॉप ठेवून काम करतात, त्यांचे मेज बहुधा फार उंच असते. कोपर आणि कळा एका पातळीत याव्यात. मेजाचे पाय कापून घ्यावेत, नाही तर गादीखाली आणखी एक गादी घालावी. जुहर आणि असरच्या नमाजेला आपण उठतोच, त्यामुळे हाताला विसावा मिळतो. परंतु असरपासून मगरिबपर्यंतची ऐन गर्दी आणि इशानंतरचा हिशेब, हे दोन तास सर्वांत वाईट. त्या वेळी दर अर्ध्या तासाने दोन मिनिटे हात खाली सोडून बसावे. गिऱ्हाइकाला चहा विचारायलाही तेवढाच वेळ लागतो.